खत कोणाचें आणि पीक कोणाचें?

मृग नक्षत्र जवळ आलें कीं युरियाच्या टंचाईची ओरड सुरू होते, आणि साठा मुबलक आहे असें सरकार सांगतें. या वार्षिक विधीविषयीं आज आम्हांस लिहावयाचें नाहीं. शेणखताचे कैवारी व रासायनिक खताचे कैवारी यांचा जो वाद कित्येक वर्षें जोरांत चालला आहे, त्याच्या गडबडींत एक साधा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. जमिनींत खत घालावयाचें कोणीं आणि त्याचें फळ खावयाचें कोणीं, हा तो प्रश्न होय.

मूळ वादाचा निकाल शेतांतच लागलेला आहे. इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथें लॉज व गिल्बर्ट या जोडीनें 1843 सालीं गव्हाच्या शेतांत खतांचे प्रयोग मांडले. आपल्याकडे कोइमतूर येथें 1909 सालीं तसाच कायमचा प्रयोग सुरू झाला, आणि पुढें अकोला व परभणी येथील काळ्या जमिनींवरही दीर्घ मुदतीचे प्रयोग झाले. या साऱ्यांचा इत्यर्थ असा कीं, नुसत्या नत्रावर भिस्त ठेवली तर जमीन स्फुरद, पालाश, गंधक व जस्त यांस मुकते आणि उत्पन्न घटत जातें. नत्र, स्फुरद व पालाश या तिहींस शेणखताची जोड दिली असतां तें उत्तम टिकतें. दोन्ही पक्षांनीं आतां तलवारी म्यान कराव्या हें बरें.

खरी मेख मुदतीची आहे. चार टन शेणखतांत जेवढें नत्र असतें, सुमारें तेवढेंच युरियाच्या 45 किलोच्या एका गोणींत, म्हणजे वीस किलोंच्या आसपास, असतें. परंतु गोणींतलें नत्र थोड्याच आठवड्यांत पिकास मिळतें किंवा पाण्याबरोबर व हवेंत निघून जातें. शेणखतांतला लहानसा वांटाच पहिल्या हंगामांत पिकाच्या हातीं येतो. बाकीचा मागून येणाऱ्या पिकांसाठीं राहतो. रॉथॅमस्टेडच्याच जवाच्या शेतांत एका तुकड्यास 1852 पासून 1871 पर्यंत शेणखत दिलें व नंतर बंद केलें. शंभराहून अधिक वर्षांनींही त्या मातींत, कधींच खत न मिळालेल्या शेजारच्या तुकड्यापेक्षां, सेंद्रिय अंश अधिक आढळला. पिकांच्या फेरपालटीचें मर्मही हेंच आहे. मुगामागून ज्वारी किंवा सोयाबीनमागून हरभरा घेणारा शेतकरी एका पिकास दिलेला स्फुरद दुसऱ्याच्या पदरांत टाकीत असतो. त्याचा हिशेब तीन वर्षांचा असतो.

आतां ज्याच्या हातीं जमीन एकाच वर्षापुरती आहे, त्यानें काय करावें? तो ठोक्यानें किंवा बटाईनें शेत करतो. पुढील पाडव्यास तें दुसऱ्याकडे जाणार हें त्यास ठाऊक असतें. असा मनुष्य गोणी विकत घेईल, उकिरड्याची गाडी बांधावरून आंत नेणार नाहीं. त्यास अडाणी म्हणणें हा अन्याय आहे. तो व्यवहार बरोबर जाणतो. शिवाय युरियाची किंमत सरकारनें बांधून ठेवलेली, आणि स्फुरद-पालाश मात्र 2010 च्या निराळ्या अनुदानपद्धतींत घातलेलीं. मग तो नुसतें नत्र ओतीत गेला तर दोष कोणाचा?

इंग्लंडांत हाच पेंच पडला होता. तेथें 1875 सालीं कायदा होऊन, जमीन सोडणाऱ्या कुळास त्यानें घातलेल्या व अद्याप न सरलेल्या खताबद्दल भरपाईची सोय झाली. तो ऐच्छिक होता म्हणून 1883 सालीं सक्तीचा करावा लागला. शिल्लक खताचें मोल ठरविण्यासाठीं लॉज व गिल्बर्ट यांनीं कोष्टकेंही तयार करून दिलीं. आपल्या कुळांची एवढी काळजी वाहणारें हेंच राज्य हिंदुस्थानांतून हाडें व गळिताचीं धान्यें जहाजें भरभरून बाहेर जाऊं देत होतें, हें येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

आमचा 1948 चा कूळकायदा न्यायाच्या बाजूचा होता, व 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानें पुष्कळ कुळें मालक झालीं. त्या कायद्यास नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु त्याच्या धाकानें आज मालक कागद करून देत नाहीं; सातबाऱ्यावर दुसऱ्याचें नांव चढेल ही त्याची धास्ती. करार तोंडीं, मुदत वर्षाची, आणि कुळाजवळ पुरावा नाहीं. पुराव्यावांचून भरपाईचा हक्क कोणत्या न्यायालयापुढें मांडावा?

नीति आयोगानें 2016 सालीं जमीन खंडानें देण्याच्या कायद्याचा एक आदर्श मसुदा केला. मालकाच्या हक्कास धोका नाहीं आणि कुळाच्या न सरलेल्या गुंतवणुकीचें मोल त्यास परत, अशी त्याची योजना आहे. त्यांत आम्ही एवढेंच जोडूं कीं, कराराची मुदत फेरपालटीचा एक फेरा पुरा होईल इतकी, म्हणजे निदान तीन वर्षांची असावी. मोजमाप कोण करणार, अशी शंका वकील मंडळी काढतील. राज्यांत चार कृषि विद्यापीठें आहेत व प्रयोगांचे आंकडे त्यांच्या दप्तरीं पडून आहेत. त्यांवरून काळ्या, मध्यम व हलक्या जमिनींसाठीं शिल्लक खताचीं तीन कोष्टकें करून तीं तलाठ्याच्या चावडींत लावण्यास फारसा खर्च येणार नाहीं.