लायटी बंद करा, दादा

गेल्या शनिवारी रात्री भंडारदऱ्याजवळ, मुतखेलच्या पुढे रस्त्याच्या कडेला उभा होतो. समोरच्या हिरड्यावर एकही काजवा दिसत नव्हता. तासाभरापूर्वी तेच झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लुकलुकत होतं. मग गाड्या सुरू झाल्या. वळणावर आलेल्या प्रत्येक गाडीचा पांढरा झोत थेट त्या झाडावर पडत गेला आणि झाड विझलं. अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा त्या रांगेतून काचांवर टकटक करत फिरत होता. “लायटी बंद करा, दादा. मंग दिसतील.” चारांतला एखादा बंद करायचा. बाकीचे काच वर ठेवूनच हात हलवायचे. एका गाडीत मागच्या सीटवर पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सात-आठ काजवे होते. बाटली मांडीवर घेऊन बसलेल्या मुलीला ते फार आवडले होते, तिचा काय दोष? बाटली तिच्या वडिलांनी भरून दिली होती.

कास पठारावरच्या गर्दीवर लिहिलं तेव्हा वाचकांच्या बहुतेक पत्रांत एकच उपाय होता, माणसं मोजून सोडा, बुकिंग ऑनलाइन करा. मीही तेव्हा तेच लिहिलं होतं. आज ते मला अपुरं वाटतं. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात माणसं मोजलेली नव्हती का? तिथे फाटक आहे, बुकिंग आहे, प्रत्येक जिप्सीत गाइड आहे. तरीही ३१ डिसेंबर २०२४ ला एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्ही बाजूंच्या जिप्सींमध्ये कोंडले गेले आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. गाडीत बसलेल्या माणसाला आपण कुणाच्या तरी घरात शिरलोय याचा विसरच पडतो, हे मी या जागेवरून किती वर्षं सांगतोय!

म्हणून मला परत परत वेळास आठवतं. मंडणगड तालुक्यातलं, बाणकोटच्या खाडीजवळचं ते गाव. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी तिथे पूर्वी सर्रास उकरून नेली जात. २००२ च्या सुमारास चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, तिथे संरक्षणाचं काम सुरू केलं. पुढे गाव त्यात उतरलं आणि कासव महोत्सव सुरू झाला. काजव्यांसारखाच हाही थोड्या दिवसांचा खेळ, इथेही मुंबई-पुण्याची गर्दी, इथेही हातात मोबाइल. पण वेळासच्या किनाऱ्यावर गाडी जात नाही. गावात, कुणाच्या तरी पडवीत मुक्काम करायचा, सकाळी उठून सुरूच्या बनातून चालत जायचं आणि वाळूवर बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभं राहायचं. कुंपणाच्या आत गावातलाच एखादा कासवमित्र घरट्यावरची टोपली उचलतो. तोवर शंभर माणसं गप्प असतात.

टोपलीखाली काही नसेल तर काही नाही. “आज नाहीत, संध्याकाळी बघू,” असं तो सांगतो आणि माणसं निमूटपणे माघारी फिरतात. मी स्वतः एकदा सलग दोन वेळा रिकाम्या हाताने परतलो आहे. तिसऱ्या वेळी अकरा पिल्लं निघाली. काळसर, मुठीत मावतील एवढी, पुढचे पाय वल्ह्यासारखे मारत ओल्या वाळूवर बारीक नक्षी काढत गेली. एक उलटं पडलं तेव्हा शेजारच्या आजींचा हात नकळत दोरीपलीकडे गेला. कासवमित्र म्हणाला, “आजी, राहू दे. त्याचं ते उठेल.” ते उठलं.

कुठली वेळ, किती अंतर, किती उजेड हे वेळासला कासव ठरवतं आणि कासवाच्या वतीने गाव बोलतं. पिल्लं उजळ क्षितिजाकडे धावतात. मागे दिवे असले तर ती समुद्राकडे पाठ फिरवून जमिनीकडे निघतात, म्हणून किनारा अंधारा राखायचा. भंडारदऱ्याला मात्र वेळ ठरते शनिवार-रविवारच्या सुट्टीवर आणि अंतर ठरतं गाडी जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत. टोपली उचलण्याचा अधिकार त्या काचा ठोठावणाऱ्या मुलाला कुणी दिलेलाच नाही. त्याच्या हातात विनंती तेवढी आहे.

आणि अंधाराची गरज काजव्याला कासवाहून कमी नाही, उलट जास्तच. काजव्याची अळी कित्येक महिने ओल्या मातीत, पालापाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढते. पंख फुटल्यावर हातात उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे. तेवढ्यात नर उडत उजेडाची खूण करतो, मादी बहुधा झुडपात किंवा गवतात बसून तिला उत्तर देते आणि जोडी जमते. त्या बोलण्यावर झोत पडला की खूणही पुसली जाते आणि उत्तरही. फोटोसाठी झाडाखाली आपण जी माती तुडवतो, तिच्यात पुढच्या वर्षीचे काजवे अंड्यांच्या रूपात पडायचे असतात.

पांढऱ्या दिव्यांवरचा माझा राग जुन्या वाचकांना पाठ झालाय, तरी लिहितो. आमच्या गावी ओढ्याकाठच्या करंजांवर जूनमध्ये काजवे असायचे. खांबांवरचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले आणि दोन पावसाळ्यांत ओढा काळा पडला. पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त माझे डोळे आहेत, पण ते मी पन्नास वर्षं त्याच ओढ्यावर लावलेत.

काजवे बघायला येण्यावर बंदी घाला, असं म्हणणारे मित्र मला आहेत. त्यांच्याशी माझं पटत नाही. भंडारदऱ्याच्या परिसरातलं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं १९८६ मध्ये, पण घाटघर, उडदावणे, पांजरे ही गावं त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे आहेत. एकपिकी भातशेती, उन्हाळ्यात टँकरची वाट. पेरणीच्या तोंडावर बी-बियाण्याला पैसा लागतो, नेमके तेव्हाच काजवे येतात आणि चार पैसे आणतात. पिठलं-भाकरी करणारी बाई, तंबू लावणारा तिचा मुलगा, यांच्या ताटातून ते काढून घ्यायचा हक्क शहरात बसून निसर्गावर लिहिणाऱ्या कुणाला नाही, मलाही नाही. माझी मागणी एवढीच आहे की दिवस मावळला की पर्यटकांच्या गाड्या शेंडी गावाच्या पुढे जाऊ नयेत. लांबच्या गावांपर्यंत गावकऱ्यांच्याच मोजक्या जीपगाड्या जाव्यात, त्याही झाडांच्या अलीकडे थांबाव्यात. तिथून पायी, गावातल्या वाटाड्याच्या मागे, एका लाल कागद लावलेल्या बॅटरीवर. ती बॅटरीही वाटाड्याच्याच हातात. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी शेंडीच्या जवळची एखादी राई राखता येईल. वनखात्याकडे नाका आहे, पावतीपुस्तक आहे, अभयारण्याचा कायदा आहे. त्याहून जास्त लागत नाही.

त्या मुलाला मी हे सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “चालत कोण येणार, काका? आन् आले तरी आमाला काय मिळणार?” मग त्याने रस्त्याकडेचं आपलं वावर दाखवलं. तिथे तेवीस गाड्या लागल्या होत्या. गाडी लावायचे पन्नास रुपये मिळतात. वाट दाखवायचे कुणी देत नाही.

आम्ही पाच जण होतो. गाडी त्याच्याच वावरात ठेवली, पन्नास रुपये दिले आणि वाट दाखवायचे माणशी शंभर वेगळे. तो आधी घ्यायलाच तयार नव्हता. मग बॅटरी खिशात घालून पुढे निघाला. बांधावरून, एका कोरड्या ओहोळातून, वीसेक मिनिटं. रस्त्यावरचा गोंगाट मागे पडला. डोळे अंधाराला सरावले तशी समोरची सादड्याची दोन झाडं एकदम पेटली, विझली, पुन्हा पेटली. आमच्यातलं कुणी बोललं नाही. तोही बराच वेळ बघत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, “या साली इकडं मीबी पहिल्यांदाच आलो. रोज रात्री तिकडं गाड्याच लावत असतो ना.”