स्थगितीचे पीक

ज्या ज्वारीवर मी वाढलो ती दुसऱ्याच्या शेतातली होती. हे वाक्य लिहायला मला पंचवीस वर्षे लागली. आता लिहिलेच आहे, तर पुढचेही लिहितो.

१९८९ साली मी चौथीत होतो. भाऊबंदांतल्या एका विधवा काकूंनी माझ्या वडिलांवर तीन एकरांच्या ताब्याचा दावा लावला होता. तो त्या जिंकल्या. जमिनीचा ताबा द्यावा आणि वासिलातही द्यावी, असा हुकूमनामा झाला. काकूंनी दरखास्त दिली. बेलीफ ताब्याचे वॉरंट घेऊन येणार, अशी बातमी गावात पसरली. आणि त्याच आठवड्यात वडील जिल्ह्याच्या गावाहून पेढ्यांचा पुडा घेऊन आले. अपील दाखल झाले होते आणि हुकूमनाम्याच्या बजावणीला ‘तात्पुरती’ स्थगिती मिळाली होती. आम्ही पोरांनी पेढे खाल्ले.

ती तात्पुरती स्थगिती अकरा वर्षे टिकली. तेवढ्या काळात मी मॅट्रिक झालो, मास्तर झालो. २००० साली अपील फेटाळले गेले. काकू त्याआधी दोन वर्षे वारल्या होत्या. वासिलातीचा आकडा ठरवायला पुन्हा निराळी चौकशी निघाली, तेव्हा त्यांच्या वारसांनी तारखांना कंटाळून थोडक्यात तडजोड केली. अकरा सुग्या आमच्या कणगीत पडल्या, त्या पडल्याच.

वडिलांनी काही बेकायदा केले काय? मुळीच नाही; आणि माझा राग नेमका तेथेच आहे.

मी वकील नव्हे. पण वडिलांच्या मागे राहिलेले दप्तर वाचता वाचता थोडा कायदा शिकलो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ४१, नियम ५ स्पष्ट सांगतो की, केवळ अपील केले म्हणून बजावणी थांबत नाही. ती थांबवायची तर पुरेसे कारण हवे. बजावणीमुळे अर्जदाराचे भारी नुकसान होईल, अर्ज विनाविलंब आला आहे, आणि पुढे हुकूमनामा कायम झाला तर त्याच्या पूर्ततेसाठी तारण दिले आहे, या तीन गोष्टींबद्दल न्यायालयाची खात्री व्हावी लागते. कायदा इतका शहाणा आहे! मग काकू उपाशी का राहिल्या?

कोणी म्हणेल, ही स्थगितीच मुळात काढून टाका. हा उपाय मला मान्य नाही. खालचे न्यायालयही चुकते. मोजणीत बांध सरकतो, खोटा साक्षीदार खरा ठरतो. अपिलात निकाल फिरला तर कलम १४४ प्रमाणे मिळकत परत मिळते, हे खरे. पण तोडलेला आंबा, बुजवलेली विहीर, पाडलेले घर कोणते कलम परत देणार? खऱ्या गरजवंताला स्थगिती हवीच.

दुसरा म्हणेल, स्थगितीला मुदत घाला. मुदत भरली की ती आपोआप सुटावी. खटल्यांचे कामकाज थांबवणाऱ्या आदेशांपुरता हा प्रयोग होऊन गेला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा स्थगितीला सहा महिन्यांची मर्यादा घातली. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ती मोडीत काढली. न्यायालयाकडून सुनावणी लांबली तर पक्षकाराने त्याची शिक्षा का भोगावी, असा त्यामागचा विचार. तो मला पटतो. घड्याळाने न्याय करू नये.

माझे भांडण स्थगितीशी नाही, फुकट स्थगितीशी आहे. वडिलांनी तारण म्हणून काय दिले? एक जामीनकतबा! जामीन राहिले आमचेच मामा. कागद फायलीत गेला आणि नांगर शेतात गेला. अकरा वर्षांत जामीनकतब्यातून काकूंच्या चुलीपर्यंत एक पायलीही पोचली नाही. ज्याच्या हाती पीक आहे त्याला अपिलाची घाई कशाला असेल? वडील तारीख मागून घेत. आजारपण, वकिलाची गैरसोय, कागदांच्या नकला. कारणांना तोटा नव्हता.

यावरचा उपायही कायद्याला ठाऊक आहे. २००४ साली एका भाडेकरूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जागा सोडण्याचा हुकूम स्थगित ठेवताना अपील न्यायालय वाजवी अटी घालू शकते आणि हुकमानंतरच्या वापराचा योग्य मोबदला भरायला लावू शकते. जे शहरातल्या जागेला लागू, ते शेताला का नको? दरवर्षी सुगी झाली की तीन एकरांच्या पिकाची किंमत रोख न्यायालयात भरा. ती उचलण्याची मुभा हुकूमनामा मिळालेल्या पक्षाला, योग्य हमी घेऊन, द्या. आणि भरणा चुकला की स्थगिती उठवा. ज्या दिवशी स्थगिती द्याल त्याच दिवशी अपिलाच्या सुनावणीची तारीखही नेमा. एवढे केले असते, तर माझी खात्री आहे की वडिलांनी दुसऱ्याच वर्षी तडजोड केली असती.

हिंदुस्थानात पक्षकाराची खरी अडचण हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होते, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली म्हणून ठेवले आहे. दीडशे वर्षे उलटली. प्रिव्ही कौन्सिल गेले, अडचण आहे तेथेच आहे.

पण सगळा दोष न्यायालयाच्या माथी मारून आपण सुटत नाही. ‘स्टे आणला’ म्हणून गावात मिशीला पीळ भरणाऱ्याचे कौतुक कोण करतो? आपणच. हरलेला माणूस जिंकल्याच्या थाटात पेढे वाटतो आणि आपण हात पुढे करतो. मी दहा वर्षांचा होतो, मला कळत नव्हते. वडिलांचा पेढा घेणाऱ्या थोरांना मात्र सारे कळत होते. आणि त्यांच्यातला एकही जण त्या दिवशी काकूंच्या दारावरून गेला नाही.