स्वस्त रिव्हॉल्व्हरचा ताळेबंद

मंडळी, आपल्या ग्वाल्हेर-चंबळ भागात खांद्यावर बंदूक म्हणजे इभ्रत. आता हे खूळ लष्करातल्या मराठी घरांतही शिरतंय. "काका, घरात आम्ही दोघंच म्हातारे, एखादं स्वस्तातलं रिव्हॉल्व्हर घ्यावं का?"

आधी जमेची बाजू. कारखान्यात तपासलेलं, परवान्यावर मिळणारं शस्त्र देशी कट्ट्यापेक्षा शतपट बरं. कट्ट्याची नळी हातातच फुटू शकते, वर तुरुंग. कानपूरचं .३२ बोअरचं 'निर्भीक' २०१४ साली आलं. वजन अर्धा किलो, पण किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात! इशापूरचं .२२ बोअरचं 'निडर' त्याहून स्वस्त नि हलकं.

आता नावे बाजू. काडतुसं परवान्यावर मोजून मिळतात, मग सराव कुठून होणार? सरावाशिवाय सत्तरीतला हात रात्री दोन वाजता काय नेम धरणार? कुलपात ठेवलं तर वेळेला निघत नाही, उशाखाली ठेवलं तर नातवाच्या हाती लागतं. निवडणूक आली की ठाण्यात जमा करा.

चोर एखाद वेळी येईल, न येईल. शस्त्र मात्र रोज घरात असतं, रागाच्या नि निराशेच्या क्षणीही. शिल्लक तोट्याचीच. त्यापेक्षा पैसे जाळीच्या दारात घाला आणि शेजाऱ्यांशी बोलणं ठेवा.