पेढे वाटण्यापूर्वी थोडा विचार

६ डिसेंबर २०१९ ची सकाळ. हैदराबादजवळ शादनगर भागातल्या चटनपल्ली पुलापाशी लोकांची झुंबड उडाली होती. पुलावरून पोलिसांवर गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या जात होत्या, फटाके वाजत होते, पेढे वाटले जात होते. काही महिलांनी तर पोलिसांच्या मनगटावर राख्या बांधल्या. कारण त्या दिवशी पहाटे एका तरुण पशुवैद्यक मुलीवर बलात्कार करून तिला जाळणारे म्हणून पकडलेले चौघे संशयित पोलिसांच्या गोळ्यांनी ठार झाले होते.

घराघरांत वाद रंगला. "बरं झालं, नराधमांना असंच पाहिजे," असे म्हणणारे पुष्कळ होते. "मग न्यायालये कशाला हवीत?" असे विचारणारे थोडे, आणि तेही दबक्या आवाजात.

हा आनंद का झाला?

त्या आनंदाला नाक मुरडणे सोपे आहे. पण त्यामागची वेदना खरी होती. दिल्लीतील १६ डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराने सारा देश हादरला होता. खटला जलदगती न्यायालयात चालला, तरी गुन्हेगार फासावर गेले ते २० मार्च २०२० रोजी, म्हणजे सात वर्षांहून अधिक काळानंतर. हैदराबादची घटना घडली तेव्हा ते अजून तुरुंगातच होते. मुलगी संध्याकाळी घरी परतेपर्यंत जिचा जीव टांगणीला लागतो, त्या आईला कायद्याची कलमे ऐकवून तिचे समाधान कसे होणार?

पोलिसांना गोळी झाडता येते का?

येते. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव धोक्यात असेल तर बचावासाठी समोरच्याचा प्राण घेण्याची मुभा कायदा देतो. ती जशी तुम्हाआम्हाला आहे, तशीच पोलिसांनाही आहे. पण धोका खरा होता की नाही, हे गोळी झाडणाऱ्याने ठरवायचे नसते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने यासाठी सोळा नियम घालून दिले. अशा प्रत्येक मृत्यूचा तपास गुन्हे अन्वेषण विभागाने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा. शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी करायचे आणि त्याचे चित्रीकरण व्हायचे. पोलिसांचे शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत बक्षीस किंवा बढती द्यायची नाही. हे नियम मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात झालेल्या चकमकींच्या प्रकरणातूनच आले, हे विशेष.

हैदराबादच्या पोलिसांचे म्हणणे होते की, मुलीच्या वस्तू शोधण्यासाठी नेले असता संशयितांनी डोळ्यांत माती फेकली, पिस्तुले हिसकावली आणि गोळीबार केला. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती व्ही. एस. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०२२ साली त्याचा अहवाल आला. ही हकिकत विश्वास ठेवण्याजोगी नाही, गोळ्या ठार मारण्याच्या हेतूनेच झाडल्या गेल्या, असा आयोगाचा निष्कर्ष होता. दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, अशी शिफारसही त्याने केली. मेलेल्या चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, असेही आयोगाने म्हटले. पुढे हे प्रकरण तेलंगण उच्च न्यायालयाकडे सोपवण्यात आले.

माणूस चुकीचा निघाला तर?

"पण गुन्हेगार तेच होते ना?" हा पुढचा प्रश्न. ते ठरवायला पुरावा लागतो, साक्षी लागतात, उलटतपासणी लागते. त्यांच्या बाबतीत ती वेळच आली नाही. तेच गुन्हेगार असतील, तर त्यांचा गुन्हा आता कधीच सिद्ध होणार नाही. आणि त्यातला एखादा निर्दोष असेल, तर खरा दोषी आजही कुठे तरी मोकळा फिरत असेल.

३१ मार्च १९९७ रोजी दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमध्ये पोलिसांनी एका मोटारीवर गोळ्यांचा वर्षाव केला. एक कुख्यात गुंड आत बसला आहे, अशी त्यांची समजूत होती. मेले ते दोन व्यापारी. गाडीतूनच आधी गोळीबार झाला, ही पोलिसांची कहाणी न्यायालयात टिकली नाही. दहा पोलिसांना जन्मठेप झाली आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या व्यापाऱ्यांच्या घरीही कुणी तरी संध्याकाळी वाट पाहत असेलच.

पाकळ्यांखाली झाकलेला प्रश्न

हैदराबादच्या प्रकरणातली एक गोष्ट मात्र त्या जल्लोषात विसरली गेली. मुलगी बेपत्ता झाल्याच्या रात्री घरचे लोक तक्रार घेऊन पोलिसांकडे गेले, तेव्हा हद्दीचा घोळ घालण्यात आला. गुन्हा नोंदवण्यात दिरंगाई केली म्हणून तीन पोलिसांना निलंबित करावे लागले. आठ दिवसांनी त्याच पोलीस दलावर फुले पडली आणि त्या रात्रीचा जाब विचारायचे राहून गेले.

मुलींचे रक्षण पहाटेच्या गोळीने होत नाही. ते आदल्या रात्री ठाण्यात बसलेल्या हवालदाराने वही उघडून तक्रार लिहून घेतली, लगेच गाडी पाठवली, तर होते. हद्द कोणतीही असो, तक्रार नोंदवलीच पाहिजे, असे जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत आता स्पष्ट लिहिले आहे. न्यायालयातील खटले वेगाने निकाली निघावेत, ही मागणीही रास्तच आहे.

या मागण्यांसाठी पुलावर गर्दी जमत नाही, फटाकेही वाजत नाहीत. पण ज्या आईबापांना मुलगी सुखरूप घरी यायला हवी आहे, त्यांनी आग्रह धरायचा तो याच गोष्टींचा. चकमकीत कुणी मेला, तरी ती मुलगी परत आलेली नसते.