सरासरीचा फसवा हिशेब

गेल्या महिन्यांत, ऐन श्राद्धाच्या दिवशीं, आमच्या विहिरीवरील पंपाचें बेअरिंग घासून पाणी बंद पडलें. वडीलबंधु संतापून म्हणाले, "यापुढें पंपाचा प्रत्येक भाग वेळेपूर्वींच नवा घालावयाचा!" धाकट्या बंधूंचा मुलगा कारखान्यांत असल्याच गोष्टींचा हिशेब पाहतो. तो म्हणाला, "मोठे काका, बेअरिंग बदलूं, पण चालू असलेल्या कंट्रोलरला हात लावूं नका."

हा भेद कां, तें मीं त्याजकडून समजून घेतलें. वालोदी वायबुल (१८८७–१९७९) या स्वीडिश पंडितानें १९५१ सालीं एका निबंधांत दाखविलें कीं, पोलादाची ताकद, हिंदी कापसाच्या तंतूंचें बळ, घेवड्याच्या दाण्यांची रुंदी, इतक्या भिन्न गोष्टी एकाच सूत्रांत बसतात. त्या सूत्रांत एक अंक असतो. तो एकाहून कमी असेल तर वस्तूला धोका नवेपणींच अधिक; एक असेल तर नवें-जुनें सारखेंच, मोडणें केवळ योगायोग; एकाहून अधिक असेल तर ती खरी जरा होय. ('जॄ' धातूचा अर्थच जीर्ण होणें!) जुनें बदलण्यांत लाभ तो या तिसऱ्या प्रकारींच. पहिल्या प्रकारीं तर टिकलेली वस्तु काढून आपण होऊन नवें संकट आणणें होय.

पंप दुरुस्त करणाराच्या वहींत तशाच दहा बेअरिंगांची नोंद सांपडली. चार बिघडलीं होतीं: १४, २०, २५ व २९ महिन्यांनीं. मीं तत्काळ सरासरी काढली, बावीस महिने! चाळीस वर्षें गणित शिकविल्याचा तो अभिमान. पुतण्या नम्रपणें म्हणाला, "आणि तीस महिने होऊनही जीं सहा चालूं आहेत, तीं?" नापास झालेल्यांचेच गुण मोजून वर्गाची परीक्षा करावी, तसें मीं केलें होतें. तीं सहा धरून त्यानें विशेष आलेखपत्रावर चार बिंदु मांडले. ते जवळजवळ एका रेषेंत आले. रेषेच्या चढावरून अंक निघाला अडीच, म्हणजे जराच. आणि शंभरांतील त्रेसष्ट बेअरिंगें निकामी होण्याचा काळ सुमारें चाळीस महिने. चारच बिंदु असल्यानें हा अंदाजच, हें त्यानें दोनदां बजावलें.

त्याच हिशेबानें दोन वर्षें ठेवल्यास शंभरांतील चोवीस मध्येंच दगा देतील, एकच वर्ष ठेवल्यास पांच. वडीलबंधूंनीं दर वर्षीं पितृपक्षापूर्वीं बेअरिंग बदलण्याचें ठरविलें. कंट्रोलर जुनाच आहे.