विश्लेषण : मॉलमधल्या माशांना हात लावा, पण त्यांची जबाबदारी कोणाची?

उथळ टाकी, भोवती मुलांची गर्दी, एका हातात मोबाइल आणि दुसरा हात पाण्यात. तिकीट काढा, मासा हाताळा, सेल्फी घ्या, असा हा मामला. मुलांना तो आवडतो, पालकांना निरुपद्रवी वाटतो आणि मॉलला गर्दी मिळते. मात्र टाकीतल्या जिवावर त्या दोन मिनिटांत काय गुदरते, तो मेला तर कोणाला उत्तर द्यावे लागते आणि पनवेलसारख्या वेगाने वाढणाऱ्या शहराने याबाबत आताच काय ठरवायला हवे, याविषयी…

‘हात लावा’ मत्स्यालय म्हणजे नेमके काय?

नेहमीच्या मत्स्यालयात काच मध्ये असते. इथे ती काढून टाकलेली असते आणि स्पर्श हाच विकायचा माल असतो. परदेशात अशा टाक्यांत पाकट, तारामासे, छोटे शार्क ठेवतात. आपल्याकडे हा प्रकार अनेक रूपांत दिसतो. पाय बुडवून बसायचे ‘फिश स्पा’, बाटलीने कोई माशांना खाऊ घालायचे हौद, कासव तळहातावर घेऊन फोटो काढायचे स्टॉल, सुट्टीत मैदानांवर लागणारी ‘अंडरवॉटर टनेल’ प्रदर्शने आणि त्यांच्या शेजारचे इग्वाना व पोपटांचे कोपरे. नावे वेगळी असली तरी व्यवहार एकच आहे. प्राणी जितका वेळ माणसाच्या हातात, तितकी कमाई जास्त.

हात लावल्याने माशाला काय होते?

ताजा मासा हातातून का निसटतो, हे पनवेलच्या बाजारात मासे घेणाऱ्या कोणालाही विचारा. त्याच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. हा थर म्हणजे माशाचे चिलखत. जंतू, बुरशी आणि परजीवी त्यामुळे बाहेर राहतात, शरीरातील क्षारांचा तोलही सांभाळला जातो. कोरड्या हाताने धरले, बोटांनी घासले की हा थर निघतो आणि तिथून संसर्ग शिरतो. त्यात हाताला लागलेले सॅनिटायझर, साबण, क्रीम आणि फ्राइजचे तेलही पाण्यात उतरते.

तारामासा त्वचेवरच्या नाजूक कल्ल्यांमधून श्वास घेतो. फोटोसाठी तो पाण्याबाहेर उचलणे म्हणजे त्याचा श्वास रोखणे. माशांच्या दोन्ही अंगांना पार्श्वरेखा असते. पाण्यातली बारीकशी हालचालही तिला जाणवते. अशा जिवासाठी दिवसभर काचेवर पडणाऱ्या थापा हा सततचा धोक्याचा इशारा असतो.

माशांना वेदना होते का, हा वाद जुना आहे. लीन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ट्राउट माशाच्या डोक्यावर इजा ओळखणारे चेतातंतू असल्याचे दाखवले. वेदनादायक द्रव्य टोचल्यावर माशांचे वागणे बदलते आणि वेदनाशामक दिल्यावर पुन्हा पूर्ववत होऊ लागते, हेही पुढे दिसले. ब्रिटनच्या २०२२ च्या प्राणी संवेदना कायद्यात मासेच नव्हे, तर खेकडे आणि माकुळही संवेदनशील प्राणी मानले गेले आहेत.

अडचण मॉलच्या जागेतच का आहे?

स्पर्श प्रत्येक ठिकाणी घातकच ठरतो, असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. शिकागोच्या शेड मत्स्यालयातील संशोधकांना नीट सांभाळलेल्या स्पर्श-हौदातील पाकटांच्या आरोग्यावर वाईट परिणाम आढळला नाही. पण तिथे पूर्णवेळ पशुवैद्यक असतात, पाण्याची रोज तपासणी होते आणि पाकटाला नको असेल तेव्हा हात पोहोचणार नाही अशा भागात जाण्याची सोय असते.

आणि एवढे करूनही खात्री नसते. जुलै २०१५ मध्ये शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात अशाच हौदातील प्राणवायूचे प्रमाण घसरले. कर्मचाऱ्यांनी धावपळ केली, तरी सर्वच्या सर्व ५४ पाकटे मेली. अनुभवी संस्थेत हे होते, तर महिनाभरासाठी गाळा भाड्याने घेणाऱ्या स्टॉलवर काय होईल?

तात्पुरत्या प्रदर्शनात आणखी एक गणित बिघडते. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात आणि तो त्यांच्यासाठी विष असतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने सौम्य नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. घरी मासे पाळणारा प्रत्येक जण हे ठेच खाऊन शिकतो. महिना-दीड महिन्याचे प्रदर्शन म्हणजे टाकी सर्वांत धोकादायक असते नेमका तोच काळ. टाकी स्थिरावेपर्यंत तंबू उठलेला असतो.

मॉलमध्ये सकाळपासून रात्री दहापर्यंत दिवे आणि संगीत चालू असते, आठवड्याची सुट्टी नसते. इमारत बंद पडली तर? करोनाकाळात राज्यातले मॉल मार्च २०२० मध्ये बंद झाले, ते ५ ऑगस्टपासून उघडू लागले. कपड्यांचे दुकान चार महिने कुलूपबंद राहू शकते, टाकी नाही. बर्लिनमधील एका हॉटेलात उभारलेले दहा लाख लिटर पाण्याचे मत्स्यालय १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे फुटले. सुमारे १,५०० मासे होते, त्यातले बहुतेक गेले. पहाटेची वेळ होती म्हणून माणसे वाचली.

आपण मासे खातो, मग हात लावण्याला हरकत का?

हा प्रश्न पनवेलमध्ये पहिला येणार आणि तो रास्त आहे. आगरी-कोळ्यांच्या या भागात मासा हे अन्न आहे, पोटाचा धंदा आहे. खाडीच्या चिखलात निवट्या पकडत इथल्या पिढ्या वाढल्या. त्यांना मॉलचे उदाहरण देऊन प्राणिप्रेम शिकवायला जाणे उद्धटपणाचे होईल.

पण फरक आहे. अन्नासाठी मारलेल्या माशाचे हाल मृत्यूबरोबर संपतात. मॉलमधल्या माशाचे हाल हाच रोजचा कार्यक्रम असतो आणि तो मेला की दुसरा आणला जातो. खाण्याला गरज आणि परंपरा यांचा आधार आहे. इथे आधार आहे तो तीस सेकंदांच्या रीलचा. जिवाचा उपयोग करणे आणि त्याला गंमत म्हणून छळणे यातला भेद मच्छीमार चांगला जाणतो. कायदाही तो जाणतो. प्राण्याला खाण्यासाठी मारण्याला त्यात सवलत आहे, पण विनाकारण यातना देण्याला नाही.

अमेरिकेत काय घडले?

‘सीक्वेस्ट’ नावाच्या साखळीने तिथल्या मॉलमध्ये अशी केंद्रे उघडली होती. पाकट, ऑटर, पक्षी, सरपटणारे प्राणी यांना हात लावायचा, विकत घेतलेला खाऊ भरवायचा, असा त्यांचा धंदा. प्राण्यांचे मृत्यू आणि पाहुण्यांना झालेले चावे यांच्या तक्रारी वाढत गेल्या. कोलोरॅडो राज्याच्या वन्यजीव विभागाने २०१९ मध्ये तिथल्या केंद्राचा परवाना दोन वर्षांसाठी निलंबित केला. पुढे एकेक केंद्र बंद पडत गेले आणि डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. यातला धडा सरळ आहे. परवाना होता, म्हणून तो निलंबित करता आला. तपासणी अहवाल होते, म्हणून तक्रारींना पुरावा मिळाला. आपल्याकडे नेमकी हीच कडी गायब आहे.

आपला कायदा काय सांगतो?

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार माणूस सोडून कोणताही सजीव म्हणजे प्राणी. त्यामुळे मासा त्यात आलाच. पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात किंवा भांड्यात प्राणी ठेवणे हा कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. मॉलच्या पार्किंगला यापेक्षा जास्त पैसे पडतात.

याच कायद्यात प्रदर्शनासाठी वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांची नोंदणी सांगितली आहे. तिकीट लावून लोकांना प्रवेश दिलेला खेळ म्हणजे प्रदर्शन, अशी त्यातली व्याख्या आहे. सर्कस आणि चित्रपटांसाठी ती वापरली जाते. माझ्या मते तिकिटाच्या स्पर्श-टाकीलाही ती लावायला हवी.

प्राणिसंग्रहालय म्हणून मान्यता घेण्याची सक्ती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये आहे. पण ती कायद्याच्या अनुसूचीतील प्राण्यांभोवती फिरते. समुद्रघोडे, समुद्रकाकडी, काही शार्क व पाकटे आणि अनेक देशी कासवे संरक्षित आहेत. ती स्टॉलवर दिसली तर थेट गुन्हा आहे. कोई, तिलापिया, गोल्डफिश यांना मात्र ही छत्री नाही.

ही फट बुजवण्याचा प्रयत्न एकदा झाला होता. केंद्राने २३ मे २०१७ रोजी मत्स्यालये आणि शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी स्वतंत्र नियम काढले. गोल भांड्यात मासे ठेवण्यास मनाई, पाण्याच्या दर्जाचे निकष, नोंदणी आणि तपासणी हे सारे त्यात होते. मात्र १५८ जातींच्या विक्री-प्रदर्शनावरील बंदीमुळे व्यावसायिकांनी विरोध केला आणि नियमच मागे घेतले गेले. जातींची यादी अवाजवी असेल, तर यादी बदलायची होती. तिच्याबरोबर पाण्याचे निकषही वाहून गेले.

फरक पाहायचा तर राणीच्या बागेकडे पाहा. २०१६ मध्ये तिथे आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले. त्यातला एक ऑक्टोबरमध्ये मेला आणि गहजब झाला. शवविच्छेदन झाले, महापालिकेला जाब विचारला गेला, उच्च न्यायालयात याचिका झाली. पेंग्विन आणावेत की नाही यावर मतभेद असोत, पण तिथे जाब विचारायला एक संस्था होती. मॉलमध्ये सकाळी दार उघडण्यापूर्वी मेलेला मासा जाळीने काढला जातो. त्याची नोंद कुठेच होत नाही.

माणसांनाही धोका आहे का?

आहे. टाकीच्या पाण्यातील ‘मायकोबॅक्टेरियम मरिनम’ हा जिवाणू हातावरच्या जखमेतून शिरला तर दीर्घकाळ न भरणाऱ्या गाठी होतात. छोट्या कासवांमुळे मुलांना साल्मोनेलाची लागण होते, म्हणून अमेरिकेने १९७५ मध्येच चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. फिश स्पामध्ये अडचण अशी की मासे जिवंत असताना पाणी निर्जंतुक करता येत नाही आणि प्रत्येक गिऱ्हाइकानंतर मासेही धुता येत नाहीत. अमेरिकेतील अनेक राज्यांनी त्यावर बंदी घातली आहे. शिवाय माशाने पायाची त्वचा खावी, तर तो भुकेला असावा लागतो. ‘नैसर्गिक उपचार’ या पाटीमागे उपासमार असते.

पनवेलने काय करायला हवे?

१ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महापालिका झाली. नवे मॉल, नव्या वसाहती आणि आता विमानतळ यामुळे करमणुकीचे असे धंदे इथे वाढणारच. त्यांना सरसकट बंदी हा सोपा उपाय आहे, पण तो टिकत नाही. अटी टिकतात. जिवंत प्राणी असलेल्या प्रत्येक कार्यक्रमाला महापालिकेने परवानगी देताना चार गोष्टी मागाव्यात. जबाबदार पशुवैद्यकाचे किंवा मत्स्यतज्ज्ञाचे नाव, पाणी-तपासणीची रोजची नोंद, मृत प्राण्यांची नोंदवही आणि प्रदर्शन संपल्यावर प्राणी कुठे जाणार याची लेखी हमी. टाकी मासे सोडण्यापूर्वी पुरेशी परिपक्व झाली आहे, हे दाखवण्याची जबाबदारी आयोजकाची असावी. हाताळणीला मात्र परवानगीच नको. जिथे पशुवैद्यक हजर नाही, तिथे काच मध्ये राहू द्या.

राज्याच्या पातळीवर ही जबाबदारी मत्स्यव्यवसाय विभागाने घ्यावी. १९५१ मध्ये सुरू झालेले मरीन ड्राइव्हचे तारापोरवाला मत्स्यालय याच विभागाचे. तीन पिढ्यांनी तिथे काचेपलीकडून मासे पाहिले, हात न लावता त्यांची नावे शिकली. ते गेली काही वर्षे बंद आहे. चांगले सार्वजनिक मत्स्यालय बंद राहिले की मुलांचे कुतूहल मॉलकडे वळते, हेही लक्षात घ्यायला हवे.

पालकांच्या हातात काय आहे?

तिकीट घेण्याआधी दोन प्रश्न विचारा. यांचा डॉक्टर कोण आणि मासे रात्री कुठे असतात? उत्तर मिळाले नाही, तर तेच उत्तर समजा. कासव, समुद्रघोडा किंवा देशी पोपट दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आणि मुलांना मासे दाखवायचेच असतील, तर ओहोटीच्या वेळी खाडीकाठी घेऊन जा. चिखलात निवट्या उड्या मारताना दिसतील. हात पुढे केला की त्या बिळात पळतात. नको असेल तेव्हा पळून जाता येणे ही मुभा मॉलच्या टाकीत मिळत नाही. मुलांना जिवांविषयी काही शिकवायचे असेल, तर सुरुवात तिथून करावी.