एका सांध्याचे दुखणे

गेल्या वर्षीची नरकचतुर्दशी. पहाटे साडेचारला सिडकोतल्या आमच्या घरात वरचा आणि खालचा, दोन्ही गीझर एकदम लागले. घरभर उटण्याचा वास दरवळायचा, त्याऐवजी जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. मेन स्विचचा बोर्ड हाताला चटका देत होता, आणि त्या बोर्डाखालीच आईची खाट. आई नव्वदीची, सांधे धरलेले. रात्री काही पेटले तर उठून पळणे तिच्याने होणार नाही.

वायरमन आला. त्याने मेन बंद करून मीटरच्या दोन काड्या टेकवल्या आणि म्हणाला, "काका, सगळं टाइट आहे." पुढच्या महिन्यात पुन्हा तोच वास. मग दोष गीझरवर आला. नवा गीझर घेतला. वास जुनाच राहिला!

खरे म्हणजे लाज मला वाटायला हवी होती. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत स्विचगिअरच्या कारखान्यात माझी तीस वर्षे गेली. तिथे प्रत्येक संपर्काची परीक्षा शंभर अँपिअर प्रवाह सोडून होई. साध्या मीटरवर कोणी विसंबत नसे. कारण उघड आहे. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध दोन-तीन दशांश ओहम असतो, आणि जोड बिघडला तरी त्याचा रोध ओहमाचा पन्नासावा हिस्सा. लाकडाच्या वखारीच्या काट्यावर गुंज तोलावी, तसा प्रकार.

पण तो पन्नासावा हिस्सा क्षुल्लक समजू नका. दोन गीझर मिळून तीस अँपिअरच्या आसपास घेतात. तीस गुणिले तीस गुणिले दोन शतांश म्हणजे अठरा वॉट उष्णता, एका स्क्रूच्या टोकावर! रेडिओ दुरुस्तीचे सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॉटचे असते.

तेव्हा जास्त प्रवाह देणारा पुरवठा घरीच करायचे ठरवले. नातवाच्या मोडीत निघालेल्या संगणकाचा एसएमपीएस काढला. त्याची हिरवी वायर काळीला जोडली की तो चालू होतो. पिवळ्या वायरींवर बारा व्होल्ट मिळतात. प्रवाहाला लगाम म्हणून जालना रोडवरच्या एका गॅरेजवाल्याकडून मोटारीचे पंचावन्न वॉटचे दोन दिवे आणले. दोन्ही मिळून नऊ अँपिअर. दोन्ही एकदम लावले की एसएमपीएस रुसून बंद पडे, कारण थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्श्याइतकाच असतो आणि दिवा पहिल्या क्षणी भलताच प्रवाह ओढतो. म्हणून आधी एक, मग दुसरा. "दिवाळी अजून महिनाभर लांब आहे हो," सौभाग्यवती डोळ्यांवर हात धरून म्हणाली.

वायरमनला बोलावले. मेन बंद, मीटरजवळचा कटआउट काढलेला, टेस्टरने खात्री केलेली. मगच हात घातला. जोडाच्या दोन बाजूंना चिमटे लावून प्रवाह सोडला, चिमट्यांवरच मीटरच्या काड्या टेकवल्या, आणि पाहतो तो सगळेच जोड नादुरुस्त! मी ऐटीत जाहीर केले, "अख्खा बोर्ड बदलायला हवा." वायरमनने खर्चाचा आकडा सांगितला. तो ऐकल्यावर माझी अक्कल ठिकाणावर आली. मी जोड मोजलाच नव्हता, चिमट्यांची पकड मोजली होती.

प्रवाह नेणाऱ्या दोन वायरी वेगळ्या आणि व्होल्ट मोजणाऱ्या दोन वेगळ्या, अन् त्या थेट जोडाच्या अंगाला. व्होल्टमीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही, म्हणून त्याच्या वायरींचा रोध हिशेबात येत नाही. अटलांटिकच्या तळातून १८६६ साली तारायंत्राची केबल नेणाऱ्यांत जे विल्यम थॉमसन होते, तेच पुढचे लॉर्ड केल्विन. या चार वायरींच्या जोडणीला आजही त्यांचे नाव आहे. कारखान्यात मी हेच पोरांना ओरडून सांगत असे!

काड्या जागेवर आल्या. एक जोड चार मिलिव्होल्ट, दुसरा पाच. न्यूट्रलचा जोड: एकशे नव्वद! नऊने भागा, एकवीस मिलिओहम. प्रवाह दशांश अँपिअर असता तर इथे जेमतेम दोन मिलिव्होल्ट दिसले असते, आणि चांगल्या जोडांवर माझ्या स्वस्त मीटरने नुसते शून्य दाखवले असते. एवढ्यासाठी तो मोठा प्रवाह.

वायरमनने स्क्रू सोडला. अॅल्युमिनिअमची वायर पितळी पट्टीत नुसती खुपसलेली. अॅल्युमिनिअमवर ऑक्साइडचा कठीण पापुद्रा धरतो, आणि स्क्रूखाली दबून दबून धातू हळूहळू ढिला पडतो. वरून पाहावे तर टाइट. काळे टोक छाटले, वायर खरवडली, तिला योग्य लग दाबून बसवला. पुन्हा नऊ अँपिअर. चार मिलिव्होल्ट.

"काका, हे यंत्र मला द्या की दोन दिवस," वायरमन म्हणाला. आई खाटेवरून सगळे पाहत होती. "अरे, तुझ्या भिंतीचे सांधे मोकळे झाले, माझ्या गुडघ्यांचं बघ की काहीतरी," ती म्हणाली.

तिची खाट मात्र मी खिडकीकडे हलवली आहे. दोन्ही गीझर लावून रोज पहाटे बोर्डाला हात लावून पाहतो, गार असतो. यंत्र वायरमनकडे गेले ते अजून आलेले नाही, आणि गॅरेजवाला दिव्यांचे पैसे मागतो आहे.